किलोमागं तीन रुपये

आमच्या केंदूरपासून शिक्रापूर तेरा किलोमीटर. शिक्रापुरात हायवेला लागून सीएनजीचा पंप आहे. माझे सासरे सोपानराव दर शनिवारी सकाळी आपली जुनी व्हॅन काढायचे, त्या पंपासमोरून जायचे, आणि आणखी पस्तीस किलोमीटर पुढं, भीमा ओलांडून, दौंड तालुक्यात कासुर्डीजवळच्या एका पंपावर गॅस भरायचे. का? तर तिथं किलोमागं तीन रुपये कमी लागतात.

हे नुसतं लिहितानाही माझा हात लाल पेनाकडं जातो. मी शिक्रापूरच्या हायस्कुलात गणित शिकवते. उत्तर बरोबर आणि रीत चुकीची असेल तर मी अर्धा मार्क कापते, म्हणून पोरं मला पाठीमागं काय म्हणतात ते मला माहीत आहे. अशा बाईच्या घरात दर शनिवारी दुपारी दीड वाजता एक माणूस विजयी मुद्रेनं दारात येतो आणि चप्पल काढायच्या आत सांगतो, "आज तर तीन रुपयं वीस पैसं कमी हुतं." मग तो भाव जेवताना एकदा, चहाला एकदा, आणि माझ्या नवऱ्याला, रविराजला, कंपनीत ड्यूटीवर असताना फोन करून एकदा. रविराज मशीनच्या आवाजात ओरडून म्हणायचा, "लई भारी, आप्पा!" तो कधी काही बोलला नाही. बोलायचं काम लग्नानंतर माझ्याकडं आलं.

मी बोलायचेही. "मामा, आठ किलो बसतो टाकीत. त्यातला चार किलो जाण्यायेण्यातच जळतो. म्हंजी तुम्ही स्वस्त गॅस आणायला जाता आन् निम्मा वाटेत पेरून येता."

मामा हसायचे. "गाडी हाय ती. चालणारच की. उभी ठिवली तर काय दूध देती का?"

मामांच्या डोक्यात हे कुठून आलं ते मला कळत नव्हतं असं नाही. आमचं घर मूळचं मेंढक्यांचं. मामा तरुण होते तेव्हा दोनशे मेंढरं होती. दिवाळी झाली की सगळा कबिला घाट उतरून कोकणात, पाऊस लागायच्या आत परत वर. जिकडं गवत, तिकडं माणूस. दहा कोसांवर चांगलं गवत आहे म्हटल्यावर मेंढका दहा कोस चालतो, चालायला काय लागतं असं धरूनच चालतो. वाटेत शेतकरी मेंढरं आपल्या रानात बसवून घ्यायचे. एक रात्र मेंढरं बसली की रानाला लेंडीखत, आणि मेंढक्याला पायलीभर ज्वारी. पुढं केंदूरला पाणी आलं, कांदा आला, मेंढरं गेली. आता गोठ्यात चार मेंढ्या आणि दोन शेळ्या उरल्यात, त्याही सासूबाईंच्या हौसेखातर. मी सासूबाईंना आत्या म्हणते, गावात सगळे त्यांना सगुणाबाई म्हणतात. मेंढरं विकल्यावर मामांनी वर्षभर काही केलं नाही, आणि मग एक दिवस ही व्हॅन आणली. मागचं सीट काढून टाकलं. सीट असलं की माणसं बसतात, म्हणाले.

"चरायला गेलेल्या मेंढराच्या चालण्याचा हिशोब कोन मांडतं व्हय, मास्तरीणबाई?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हटलं की त्यांच्या दृष्टीनं वाद संपला. माझ्या दृष्टीनं तो तिथून सुरू व्हायचा, पण तोवर ते गोठ्याकडं गेलेले असायचे.

हे असंच चाललं असतं. पण जानेवारीत एका रविवारी रविराजचा कंपनीतला मित्र गोकुळ घरी आला. शिक्रापुरात खोली घेऊन राहतो, सीएनजी गाडी घ्यायच्या विचारात होता. मामांना असा माणूस म्हणजे घरबसल्या देव भेटल्यासारखं. त्यांनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि कासुर्डीचा रस्ता समजावला. कुठं खड्डा आहे, कुठल्या वळणावर ट्रॅक्टर आडवा येतो, पंपावर किती वाजता रांग कमी असते. तो बिचारा मान हलवत होता. मामा म्हणाले, "शिक्रापुरात भरलास तर निव्वळ तोटा बघ."

आणि मी आतून चहाचा ट्रे घेऊन येता येता बोलून गेले, "भावजी, ऐकू नका. चोवीस रुपये वाचवायला हे साडेतीनशेचा गॅस जाळतात. गावात सगळी हसत्यात."

गावात कुणी हसत नव्हतं. ते मी रागाच्या भरात वाढवलं. गोकुळनं चहाच्या कपात तोंड घातलं. रविराजनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं.

मामा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची पितळी डबी घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्यात भंडारा उचलला की विषय संपला. हळदीची ती चिमूट हातात घेऊन आमच्या कुळदैवताच्या, बिरोबाच्या नावानं जे बोललं ते मोडायचं नाही. कोर्टात खोटं बोलतील, पण भंडाऱ्यावर नाही.

"मांड तुजं गणित," मामा म्हणाले. "कागदावर मांड. फायदा निघाला तर तू परत बोलायचं न्हाई. तोटा निघाला तर बिरोबाच्या आणेनं म्या कासुर्डीला गॅस भराय जाणार न्हाई." आणि चिमूट उचलून कपाळाला लावली.

आता एखादी शहाणी सून काय म्हणाली असती? राहू द्या मामा, गंमत केली, असं म्हणाली असती. मी काय केलं, तर घटक चाचणीचा एक पाठकोरा कागद घेतला आणि पट्टीनं रकाने आखले. जाऊन येऊन शहाण्णव किलोमीटर. किलोला चोवीसचं अॅव्हरेज, म्हणजे चार किलो गॅस. एकोणनव्वद रुपये किलोनं तीनशे छप्पन्न. बचत आठ गुणिले तीन, चोवीस. निव्वळ तोटा तीनशे बत्तीस. उत्तराखाली मी दोन रेघा मारल्या. सवय आहे.

मामांचं शिक्षण दुसरीपर्यंत, पण तोंडी हिशोबाला ते पक्के. मेंढरं मोजलेला माणूस. ओठ हलवत त्यांनी वरून खालपर्यंत कागद वाचला, एकदा परत वर गेले, परत खाली आले.

"बराबर हाय," म्हणाले. व्हॅनची किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि गोकुळला म्हणाले, "तू शिक्रापुरातच भरत जा, बाबा."

मी जिंकले होते. त्या रात्री मला झोपही चांगली लागली, खोटं कशाला सांगू.

पहिला आठवडा गमतीत गेला. म्हणजे रविराजच्या दृष्टीनं गमतीत. मामांची काटकसर गाडीतून उतरली ती थेट स्वयंपाकघरात शिरली. गॅस शेवटी गॅसच. आत्या कुकर लावायला लागल्या की मामा दारात. "चार शिट्ट्या कशापायी? डाळ तिनात शिजती." चहाचं पातेलं ठेवायच्या आधी शेगडी पेटली की मामा दारात. "आधी भांडं, मंग काडी." एकदा त्यांनी दूध तापायला किती वेळ लागतो ते मोबाईलवर मोजलं आणि झाकण ठेवून परत मोजलं. झाकणानं सव्वा मिनिट वाचतं. हे मला वर्गात सांगायला उपयोगी पडलं, पण आत्यांच्या मस्तकात गेलं.

"ह्येन्ला कुठंतरी लावून दे, बाई," आत्या मला म्हणाल्या. "चाळीस वरसं हा माणूस माज्या चुलीपाशी आला न्हाई. आता उतारवयात येऊन माझी चूल मोजतूय."

मी म्हणाले, "आत्या, जरा दिवस जाऊ द्या. सवय होईल."

सवय झाली नाही. दुसऱ्या आठवड्यात मामा गप्प झाले. शिट्ट्या मोजणं बंद झालं. आत्यांनी मुद्दाम एकदा पाच शिट्ट्या केल्या, तरी बाहेरच्या ओट्यावरून आवाज आला नाही. तेव्हा आत्याही घाबरल्या.

त्या शनिवारी माझ्या शाळेला सुट्टी होती. सकाळी आठला मी खिडकीतून बघितलं तर मामा व्हॅन धूत होते. नीट धुतली, काचा पुसल्या, चाकांची हवा पायानं दाबून बघितली. मग आत येऊन खिळ्यावरची किल्ली घेतली आणि जाऊन स्टिअरिंगवर बसले. गाडी चालू केली नाही. काच खाली करून, कोपर बाहेर काढून, समोरच्या रस्त्याकडं बघत बसले. अर्धा तास तरी बसले असतील. एक कोंबडी बॉनेटवर चढली, तिलाही हाकललं नाही. मग उतरले, किल्ली परत खिळ्याला अडकवली आणि ओट्यावर आले.

मला वाईट वाटलं. नुसतं वाईट नाही, लाज वाटली. या माणसानं मला बीएडला घातलं होतं. लग्नानंतर. भावकीत लोक म्हणाले होते, सुनेला कशाला शिकवता, आणि मामा म्हणाले होते, मोजाय येणारं एक माणूस घरात पायजे. मी त्यांच्यावरच मोजून दाखवलं.

मी बाहेर गेले. "मामा, या की एकदा जाऊन. मी काय म्हणणार न्हाई."

"तुजं काय न्हाई गं," ते म्हणाले. "भंडारा उचललाय."

मी रविराजला सांगितलं तर तो म्हणाला, "तू मांडलंस, आता तूच सोडव." नवऱ्यांना अशा वेळी बरोबर सुचतं.

दोन दिवसांनी संध्याकाळी मामांचा मोबाईल ओट्यावर वाजत होता आणि मामा गोठ्यात होते. मी उचलला. पलीकडून खणखणीत आवाज आला.

"सोपानराव, आजारी बिजारी हाय का काय? दोन शनिवार झालं. इथं वाढं वाळून चाललंय."

मी म्हणाले, मी त्यांची सून बोलतेय, आपण कोण?

"मी चांगदेव. राहूवरनं. गुऱ्हाळ हाय माझं." आणि मग त्यांनी विचारल्याशिवाय सगळं सांगितलं. राहू हे कासुर्डीच्या वाटेवरचं गाव. चांगदेवांच्या वडिलांच्या वेळेपासून आमची मेंढरं त्यांच्या रानात बसायची. मेंढरं गेली, पण येणंजाणं राहिलं. शनिवारी मामा कासुर्डीला टाकी भरून परत फिरले की गुऱ्हाळावर थांबायचे, रस प्यायचे. चांगदेव त्यांच्या व्हॅनमध्ये उसाचं वाढं भरून द्यायचे. वाढं म्हणजे ऊस तोडल्यावर वरचा हिरवा शेंडा असतो तो, जनावरं आवडीनं खातात. वर किलोभर गूळ, रानातली काय असेल ती भाजी. "पैसं म्हणशील तर म्या घेत न्हाई," चांगदेव म्हणाले. "त्याच्या मेंढरांनी माझं रान वीस वरसं खतवलंय. ते फिटतंय व्हय?"

मी फोन ठेवला आणि ओट्यावर बसले. लग्नाला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं मी त्या गुळाचा चहा पितेय. मला वाटायचं मामा येताना कुठल्यातरी दुकानातून आणतात. शनिवारी व्हॅनमधून हिरव्या पेंढ्या उतरायच्या, त्याही मी बघितल्या होत्या. बघितल्या, आणि मोजल्या नाहीत. त्यांनीही कधी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यांना त्यात काही वाटलंच नाही. मेंढका कुठल्या गावाहून परत येताना रिकामा येत नाही, यात सांगायचं काय? त्यांना अभिमान होता तो फक्त तीन रुपयांचा. आणि भंडाऱ्यासमोर मी कागद ठेवला तेव्हाही त्यांनी गूळ काढला नाही की वाढं काढलं नाही. गॅसचा हिशोब होता, गॅसचाच बघितला.

आत्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "व्हय, चांगदेवकडनंच येतूय गूळ. मागल्या आठवड्यात संपला, मंग तूच शिक्रापुरातनं साठ रुपयं किलोनं आणलास की."

आणलेला होता. आणि रविराजनं मेंढ्यांसाठी कुणाकडून तरी वाढ्याच्या पेंढ्या घेतल्या होत्या, पाच रुपयाला एक.

त्या रात्री पोळ्या मीच लाटल्या आणि लाटता लाटता हिशोब मांडला. जेवण झाल्यावर कागदावर उतरवला. गूळ साठ. पस्तीस पेंढ्या, एकशे पंचाहत्तर. भाजी सत्तर, तीही हात राखून धरली. तीनशे पाच. तीनशे बत्तीसातून गेले तीनशे पाच.

सत्तावीस रुपये तोटा.

मी परत बेरीज केली. सत्तावीस. अॅव्हरेज पंचवीस धरून बघावं असं मनात आलं, पण ती व्हॅन पंचवीस देत नाही हे अख्ख्या केंदूरला माहीत आहे. रविराज डोकावून म्हणाला, "लिही की तीस रुपये कशाचे तरी. रसाचे लिही. कोण बघतंय?"

"रस ते तिथं गेले म्हणूनच पितात. तो खर्च वाचला असं कसं धरू? आन् भंडाऱ्याखाली ठेवायचाय कागद."

"मग बस," म्हणाला आणि झोपला.

मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला गणिताचं उत्तर आधी ठरवून मागं रीत शोधायची होती, आणि रीतही खरी पाहिजे होती. माझ्या वर्गातली पोरं हे रोज कसं करतात कोण जाणे. सत्तावीस रुपये. शनिवारी कुठं जातात आमचे सत्तावीस रुपये?

मग सापडले. शनिवारी माझी सकाळची शाळा असते, साडेअकराला सुटते. एरवी मी रविराजबरोबर परतते, पण शनिवारी त्याची ड्यूटी संध्याकाळपर्यंत, म्हणून मी वडापच्या जीपनं येते. शिक्रापूर ते केंदूर, चाळीस रुपये, ते पण दोघींच्या जागेत चौघी बसून. मामा परत येताना शिक्रापुरातूनच येतात. मी त्यांच्याबरोबर आले तर चाळीस वाचले. चाळीसातून सत्तावीस गेले, तेरा रुपये फायदा.

खाली दोन रेघा मारल्या. मग पेन थांबलं. मामा शिक्रापुरात पोचतात एक वाजता. शाळा सुटते साडेअकराला. मध्ये दीड तास मला गेटवर थांबावं लागणार होतं. तो मी लिहिला नाही. पेपर तपासून होतील, असं स्वतःला सांगितलं आणि कागदाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घडी उलगडून मामांपुढं ठेवली. "मामा, माझं गणित चुकलं हुतं. मी जमेची बाजू धरलीच न्हवती."

मामांनी चष्मा लावला. बोट ठेवून वाचायला लागले. मी परीक्षेला बसलेल्या पोरासारखी उभी होते.

"गूळ साठ," ते म्हणाले. "पन चांगदेवनं दिला न्हाई तर आपण इकत घेतला असता का?"

"घेतलाय. मागच्या आठवड्यात. विचारा आत्यांना."

"हं. वाढं?"

"तेबी घेतलंय."

बोट खाली सरकलं. "जीप चाळीस." तिथं थांबलं. "शाळा कवा सुटती तुजी, शनवारी?"

"साडेअकराला."

"आन् म्या शिक्रापुरात कवा येतूय?"

मी कागदावरच्या दोन रेघांकडं बघितलं.

"एक वाजता," मामाच म्हणाले. "मंग दीड तास कुठाय ह्यात? उन्हात हुभी राहणार तू. ते कुठं धरलंस?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "माणसाचा येळ फुकाट असतूय व्हय, मास्तरीणबाई?"

माझ्या पहिल्या कागदावर किलोमीटर होते, किलो होते, रुपये होते. मामांचे शनिवारचे साडेपाच तास कुठंच नव्हते. म्हातारा माणूस, त्याला काय काम, असं धरून मी तिथं शून्यसुद्धा लिहिलं नव्हतं. आणि या माणसानं माझा दीड तास पहिल्या वाचनात पकडला होता.

"मामा," मी म्हणाले, "तुमचा येळ तरी मी कुठं धरला हुता?"

"माझं सोड."

"सोडत न्हाई. तुमचा नाही धरला, तर माझाबी नाही धरायचा. चरायला गेलेल्या मेंढराच्या चालण्याचा हिशोब कोण मांडतं?"

मामांनी कागद खाली ठेवला. ते हसतील असं मला वाटलं होतं, पण ते देव्हाऱ्याकडं बघत होते. पितळी डबी तिथंच होती. त्यांच्या मनात खरंच हिशोब चालला होता, आणि तो माझ्याशी नव्हता.

"देवाला चालंल का गं हे?" त्यांनी विचारलं, कुणाला ते कळलं नाही.

आत्या शेगडीपुढून न वळता म्हणाल्या, "चालंल. त्यो बी मेंढरामागंच हिंडलाय जन्मभर. त्याला इचारा, त्यानं कवा मोजलं हुतं. जावा एकदाचं."

मामांनी भंडाऱ्याची चिमूट घेतली, कपाळाला लावली, मलाही लावली. किल्ली मात्र खिळ्यावरून काढली नाही. अजून शनिवार यायचा होता.

शनिवारी मी उठले तेव्हा व्हॅन दारात नव्हती. आत्या म्हणाल्या, कवाच गेलं. मी पिशवीत नववीच्या घटक चाचणीचे छप्पन्न पेपर भरले, लाल पेन दोन घेतले, उन्हासाठी छत्री घेतली. दीड तास म्हणजे छप्पन्न पेपर सहज होतात.

साडेअकराची घंटा झाली. मी पिशवी सावरत गेटबाहेर आले, सावलीची जागा बघायला. वडाखाली व्हॅन उभी होती. मागं वाढं छतापर्यंत कोंबलेलं, हिरवी पाती खिडकीतून बाहेर लोंबत होती. मामा स्टिअरिंगवर कोपर बाहेर काढून बसले होते आणि पोरं त्यांच्या गाडीभोवती गोळा होऊन वाढ्याचे शेंडे ओढत होती.

"मामा, कवा निघाला होता तुम्ही?"

"आमी मेंढरं घिऊन कवा निघत हुतो? कोंबडं आरवायच्या आदी." त्यांनी आतून दार उघडलं. "बस. गूळ पायाखाली हाय, बघून पाय ठिव."

मी बसले. वाढ्याची पाती मानेला करवतत होती, केसात उसाचं पाचट गेलं. पेपरांची पिशवी मांडीवर. एकही पेपर तपासून झाला नव्हता.

"आन् इथं कवा आला?"

"आलू की मगाच," मामा म्हणाले.

वडाखाली पानटपरीवाला होता, त्यानं माझ्याकडं बघून हात केला. "मॅडम, पावणेअकरापासनं बसल्यात आप्पा. चहाबी घेतला न्हाई, म्हणले सून यील."

मामांनी ऐकलंच नाही असं दाखवून गाडी चालू केली. पाऊण तास. माझा दीड तास वाचवायला पहाटेची झोप, आणि वर हा पाऊण तास. कुठल्या रकान्यात घालणार होते मी तो? मी पिशवी घट्ट धरली. शिक्रापूरचा पंप आला. रांग अजिबात नव्हती. मामांनी त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही, आणि मीही बघितलं नाही.

पंप मागं पडल्यावर मी विचारलं, "मामा, आज काय भाव हुता तिथं?"

अकरा वर्षांत मी हे पहिल्यांदा आपणहून विचारलं होतं. मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मी चेष्टा करत नाही ना याची खात्री केली, गाडी जरा हळू केली, आणि मग केंदूर येईपर्यंत सांगत राहिले.